ह्यांच्या भाषणाला पब्लिक

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळ.

रात्रभर झोप नाही. सम्यक रडला म्हणून नाही, मच्छरांनी पण नाही. आनंदानं झोप नाही. काल हे आले आणि माझ्याशी तासभर बोलले. लग्नाला तीन वर्षं होतील, एवढं कधी बोलले नव्हते. थोडी भीती पण होती, पण ती रोजचीच, एकट्या बाईला खोलीत वाटती ती. तिचं काय लिहायचं. दाराला पाटा लावून झोपते.

तर झालं असं. हे युनिव्हर्सिटीत इतिहासात पीएच.डी. करायलेत. विषय असा, की बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्यानंतर आपल्या लोकांच्या घरातले जुने देव कुठं गेले. आता तिथं एक स्कीम निघाली. नवीन संशोधन करणाऱ्या पोरापोरींनी आपला विषय लोकांत जाऊन सांगायचा. शाळा न बघितलेल्या माणसाला पण कळला पाहिजे असा. ज्याचं चांगलं होईल त्याला वर्षभराची नोकरी. ट्रेनिंगमधे सांगितलं, आधी एखाद्या साध्या माणसाला सांगून बघा. मग हे मला सांगायला आले. मी सातवी. एकदम बरोबर माणूस.

मोबाईलवर पाच मिनटं लावली आणि भिंतीकडं बघून बोलले. परत लावली, परत बोलले. मग विचारलं, काय कळलं. मी म्हणलं सगळं. खरं तर मी ह्यांच्या तोंडाकडंच बघत होते. दाढी लई नीट केलीय आता.

नोकरी लागली की हॉस्टेल सुटणार, आम्ही तिघं एका घरात राहणार. आता हे फक्त रविवारी येतात ते हॉस्टेलमुळंच. तिथं बिनलग्नाच्या पोरालाच रूम देतात, असं हे म्हणले. म्हणून तिथं कुणाला सांगितलेलं नाही की लग्न झालंय, लेकरू आहे. नियम म्हणजे नियम.

ठरवलं, आजपासून रोज डायरी लिहायची. प्रोफेसरच्या बायकोला लिहिता आलं पाहिजे. ह्यांनीच दिली, मागच्या वर्षीची, कोरी. कुणी वाचणार नाही, चुकलं तरी चालतंय.

७ ऑगस्ट

दोन दिवस लिहिलं नाही. सम्यकचे दात यायलेत.

गोकुळचा फोन. गोकुळ माझा भाऊ, पैठणला टेम्पो चालवतो. म्हणला, सुले, कसं काय? मी म्हणलं एकदम मस्त. दाजी घरी असतात का? म्हणलं, रोज. आता कुठं बाहेर गेलेत. त्याला हे पहिल्यापासून पटले नाहीत. लग्नाचे फोटो आले तेव्हा म्हणला होता, हा माणूस एका पण फोटोत तुझ्याकडं बघंना. मागच्या उन्हाळ्यात तर मला न्यायलाच आला. लई भांडले मी. म्हणलं, परत असा आलास तर तोंड बघणार नाही. तो म्हणला, बरं. तू बोलावशील तवाच येईन. पण बोलव.

मी कशाला बोलावते.

सासूबाईंचा पण फोन. त्या जालन्याकडं खेड्यात असतात. दर वेळेला तेच. पोरगं आमच्याकडं ठेव, तुला काय सांभाळता येतंय, तू काय शिकलेली. मी हसून घेतलं. फोन ठेवल्यावर सम्यकला उगंच कडेवर घेऊन फिरले, झोपलेल्याला.

१० ऑगस्ट, रविवार

हे टेन्शनमधे. बाकीच्यांचे प्रोग्राम जोरात चालू आहेत. ह्यांच्याबरोबर एक संस्कृती मॅडम आहे, तिचा विषय शहरातले जुने दरवाजे. तिनं लोकांना दरवाज्यापाशीच नेलं, रस्त्यात गर्दी झाली म्हणे, पोलिसानं हटकलं. ह्यांनी एका कॉलेजात ठेवलं तर तीन पोरं आली. दोन एसीत बसायला आली होती. हे म्हणले, लोकांना ऐकायचंच नाही काही.

मी म्हणलं, अहो लोक मी आणते. हे हसले.

मी ह्यांना हसवलं. तारीख लक्षात ठेवायची.

१२ ऑगस्ट

प्लॅन तयार. आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत विहार आहे. सध्या वर्षावास चालू आहे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी बाया जमतात. मुक्ताबाई ग्रंथ वाचती, बाकीच्या ऐकतात. मुक्ताबाई माझी घरमालकीण, भिंतीला भिंत. पंचाहत्तरीची आहे. शाळेत गेली नाही, विहारात बसून वाचायला शिकली, म्हणून आता अक्षर दिसलं की सोडत नाही. भेळीचा कागद पण वाचून मग टाकती. ती विहाराची अध्यक्ष. ती आली की सगळ्या येतात. लई सोपं आहे.

१३ ऑगस्ट

सोपं नाही. बाया विचारायल्या, आधार कार्ड लागतंय का? मी म्हणलं नाही. तर म्हणल्या, मग कामून जायचं?

१४ ऑगस्ट

लागतंय म्हणून सांगितलं. आता सगळ्या येणार.

१७ ऑगस्ट, रविवार

ह्यांना म्हणलं, आमच्या विहारातच ठेवा. हे ताडकन उठले. म्हणले, इथं नाही, इथं अजिबात नाही. माझे सर येतील, सगळी टीम येईल आणि ह्या बाया मला जावईबापू म्हणतील. खरंच म्हणतात. ह्यांना आमची लाज वाटती असं कुणाला वाटंल, पण तसं नाही. हॉस्टेलची रूम जाईल ना.

शेवटी ठरलं. शहागंजात एका वाचनालयाचा हॉल आहे, तिथं करायचं. बाया मी आणायच्या. कुणी ओळख दाखवायची नाही. मी पण नाही. सम्यकला आणायचंच नाही. मी म्हणलं हो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

२० ऑगस्ट

ह्यांच्या भाषणात गोष्ट नाही. ट्रेनिंगवाले म्हणले, एका माणसाची खरी गोष्ट सांगा, लोक धरून राहतात. पण ह्यांना कोणी सांगतच नाही. म्हाताऱ्यांना विचारलं की म्हणतात, देव नदीत सोडले, संपलं.

मी मदत करायची ठरवली. मुक्ताबाईचा हात दुखतो म्हणून तिच्या भाकरी थापायला गेले. थापता थापता विचारलं. ती पण आधी तेच म्हणली, गोदावरीत सोडले. तव्यावरची भाकर जळाली, ती तिनं काढून बाजूला ठेवली. मग म्हणली, आमच्या माईनं एक ठेवला होता.

अंगठ्याएवढा. सगळ्या गल्लीचे देव टोपल्यात भरून गेले आणि तिच्या आईनं तो एक ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवला. मुक्ताबाईला एक मोठा भाऊ होता, तापात गेला. त्याच्यासाठी त्या देवाला नवस केला होता. नवस पावला नाहीच. पण आईला वाटायचं, आपल्या पोराचं नाव ह्या एका देवाला माहीत आहे, ह्याला सोडला तर नाव घेणारं कोण राहिलं. आई गेली तेव्हा मुक्ताबाईनं तो काढून विहिरीत टाकला. नवऱ्याला नाही सांगितलं, पोरांना नाही सांगितलं. म्हणली, अध्यक्ष आहे मी विहाराची. सुले, तुझ्यापाशीच ठेव.

मी म्हणलं, ठेवते माय.

२४ ऑगस्ट, रविवार

ह्यांना सांगितली. नवऱ्यापासून काय लपवायचं. आणि हे म्हणले नाव घेणार नाही. एवढे खूश झाले की माझा हात धरला. मग मुक्ताबाईचं गाव, वय लिहून घ्यायचं होतं म्हणून हात सोडावा लागला.

२८ ऑगस्ट

तारीख ठरली, ७ सप्टेंबर, रविवार, चार वाजता. माझीच आयडिया. त्या दिवशी पौर्णिमा आहे. पौर्णिमेला आमच्या बाया अष्टशील घेतात, पांढऱ्या साड्या घालतात, दुपारनंतर जेवत नाहीत, म्हणजे स्वयपाकाचं पण कारण नाही. हॉलमधे पांढरंशुभ्र दिसंल. हे म्हणले, गुड. मला म्हणले.

फक्त मुक्ताबाई अडून बसली. म्हणली, बघ हं पोरी, पौर्णिमेला शील घेतल्यावर मी खोटं बोलत नाही. मी म्हणलं, बोलायचंच नाही माय, जावयाला ओळख दाखवायची नाही एवढंच. गप बसणं खोटं थोडीच असतं? ती म्हणली, असतंय कधी कधी. मी विषय बदलला. भाकरी लई छान झाल्या होत्या त्या दिवशी, म्हणलं.

१ सप्टेंबर

ह्यांना प्रश्न पाहिजेत. पब्लिकनं प्रश्न विचारले तरच मार्क. विहारात कुणी प्रश्न विचारत नाही. वाचन झालं की तीनदा साधू म्हणायचं आणि घरी जायचं. म्हणून ह्यांनी प्रश्न लिहून दिले, मी एकेकीला एकेक पाठ करायला दिला. पहिला मुक्ताबाईला. एक प्रश्न मी माझ्या मनानं घातला, ह्यांना माहीत नाही. तो लक्ष्मीबाईला दिला: सर, तुमच्या या कामात घरच्यांची साथ कशी मिळाली? माझं नाव नाही घेता येणार, पण घरच्यांची लई साथ आहे एवढं तर म्हणतील. मला पुरे.

लक्ष्मीबाईनं विचारलं, उत्तर पण आपल्यालाच द्यायचंय का?

४ सप्टेंबर

दार वाजलं. मांजर होती. घाबरले नाही. जराशीच.

बायांना ह्यांचे इंग्रजी शब्द समजावले. ऑडियन्स म्हणजे आपण. फीडबॅक म्हणजे प्रोग्रामनंतर चांगलं बोलणं.

७ सप्टेंबर, रविवार. दुपारी.

निघालो. एकच अडचण. सम्यकला ठेवायला कुणी नाही. सगळी गल्ली तर मीच न्यायले. कानटोपी घालून घेतला. चेहरा ह्यांच्यावर गेलाय, पण टोपीत नाही ओळखू येत.

७ सप्टेंबर. रात्री.

आज नाही लिहीत.

९ सप्टेंबर

प्रोग्राम चांगला झाला. लिहायचं ठरवलंय तर सगळं लिहिते.

त्या दिवशी रात्री ग्रहण होतं, म्हणून बाकीची पब्लिक आलीच नाही. लोक दुपारपासूनच सुतक पाळत बसले. आपल्यात ग्रहण नसतं. म्हणजे पूर्ण हॉल माझ्याच बायांचा. ह्यांना कळलं असंल मी काय आहे ते. सिटी बसमधे एवढ्या पांढऱ्या साड्या बघून कंडक्टर म्हणला, क्या खाला, मोर्चा है क्या? मुक्ताबाई म्हणली, नाही बापू, आम्ही पब्लिक हौत. सगळी बस हसली. इतका छान दिवस होता तो, तिथपर्यंत.

हॉलमधे समोसे ठेवले होते. एकीनं पण हात लावला नाही, दुपारनंतर खायचं नसतं. ह्यांच्या सरांना वाटलं बाया रागावल्यात. मग बायांनी आधारचे झेरॉक्स काढले आणि सरांच्या समोर नेऊन ठेवले. सरांना काही कळंना, त्यांनी सगळ्यांवर सही करून दिली.

संस्कृती मॅडम दारातच होती. माझे दोन्ही हात धरले. म्हणली, सुलेखाताई ना? प्रणय तुमचं सारखं सांगतो, तुमच्याशिवाय हे झालंच नसतं. प्रणय म्हणजे हे. चांगली आहे बिचारी. ह्यांची कॉलर नीट केली तिनं. कॉलर खरंच वाकडी होती.

मग हे स्टेजवर गेले. आधी आभार मानले. म्हणले, आपल्या कार्यकर्त्या सुलेखाताई यांनी सगळ्यांना आणलं. ताई म्हणले. स्टेजवर तसंच म्हणतात. सगळ्याच बायांना ताई म्हणतात, रीतच आहे ती. बाया माझ्याकडं बघायल्या, मी सम्यकची टोपी नीट केली.

भाषण लई चांगलं झालं. मला पहिल्यांदा सगळं कळलं. मग ह्यांनी ती गोष्ट सांगितली. कणगी, ज्वारी, अंगठ्याएवढा देव, तापात गेलेलं पोरगं. नाव नाही घेतलं, शब्द पाळला. एवढंच म्हणले, गारखेड्यातल्या एका विहाराच्या अध्यक्षा, आज त्या स्वतः इथं बसल्यात. आमच्यात अध्यक्ष एकच आहे. सगळ्या बाया मागं वळल्या.

ह्यांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? पहिला मुक्ताबाईचा होता. ती उठली. पोरानं माईक दिला, तो तिनं उलटा धरला, पण हॉल एवढा शांत होता की माईक लागला नाही. ती म्हणली, बापू, ही गोष्ट मी तुझ्या बायकोला सांगितली होती. भाकरी थापताना. तुला नाही.

संस्कृती मॅडम म्हणली, कुणाच्या बायकोला?

मुक्ताबाईनं माझ्याकडं हात केला. म्हणली, हिला. पौर्णिमा आहे बाई, मी काय करू.

हे हसले. माईकमधे म्हणले, आजींचा काहीतरी गैरसमज झालाय. या ताईंना मी कामापुरतंच ओळखतो.

पोरानं मुक्ताबाईकडून माईक परत घेतला. लक्ष्मीबाईला वाटलं आता तिचा नंबर. ती घाबरत उठली आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं. सर, तुमच्या या कामात घरच्यांची साथ कशी मिळाली.

हे पाणी प्यायले.

कुणी साधू म्हणलं नाही. येताना मुक्ताबाई बसमधे पुढं जाऊन बसली, माझ्याकडं पाठ करून.

तरी एकंदर चांगला झाला. पब्लिक आली, प्रश्न आले.

१० सप्टेंबर

ह्यांचा फोन लागत नाही. पावसानं नेटवर्क जातंय.

११ सप्टेंबर

संस्कृती मॅडमचा लागतोय. तिनंच केला. नंबर बायांकडून घेतला म्हणली. विचारलं, टोपीतलं बाळ किती महिन्यांचं? मी सांगितलं. ती मोजत असंल. मग म्हणली, मला माहीत नव्हतं हो ताई, खरंच माहीत नव्हतं. आणि रडायली. मीच तिला समजावलं. म्हणलं, हॉस्टेलचा नियम आहे. ती म्हणली, कुठला नियम? त्याच्या शेजारच्या रूममधल्या पोराची बायको दर महिन्याला येती.

नवीन निघाला असंल नियम. जुन्यांना नसंल.

१३ सप्टेंबर

विहारात मुक्ताबाई वाचत नाही आता. दुसरी एक वाचती, अडखळत. मुक्ताबाई मागं भिंतीला टेकून बसली होती. तिची जागा मोकळी, तिथं कुणी बसंना. माझ्याजवळ पण कुणी बसंना. सम्यक रांगत तिच्याकडं गेला. तिनं त्याला मांडीवर घेतलं. माझ्याकडं बघितलं नाही.

मी दाराशी गेले तिच्या, माफ कर म्हणायला. तिनं दार उघडलं नाही. आतून एवढंच म्हणली, सुले, माझ्या माईला त्या हॉलात का नेलंस?

१४ सप्टेंबर, रविवार

हे आले नाहीत. वरण भात दोघांचा केला होता. मी दोन वेळेला खाल्ला.

१५ सप्टेंबर

ह्यांचा मेसेज आला. बघा, आलाच. पूर्ण उतरवून घेते. "गुरुवारी आईला घेऊन येतो. सम्यक तिकडं राहील. तू भावाकडं जा. वाद नको, शांतपणे मिटवू."

मिटवू म्हणलेत. म्हणजे मिटवायचंच आहे. गुरुवारी येतायत म्हणजे रविवारची वाट पण नाही बघितली.

१६ सप्टेंबर

मेसेज परत वाचला. सम्यक तिकडं राहील. दोन ओळीत माझं नाव नाही, त्याचं आहे. मी हे आधी वाचलंच नव्हतं. म्हणजे वाचलं होतं.

आज पाट्याबरोबर कपड्यांची पेटी पण दाराला लावली.

१७ सप्टेंबर, बुधवार. दुपारी.

सकाळपासून गोकुळला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळेला त्यानं एका रिंगमधे उचलला. म्हणला, सुले, कसं काय? आणि माझ्या तोंडातून आलं, एकदम मस्त. मी ठरवून केला होता. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, बायांना प्रश्न पाठ करून दिले तसं. तरी तेच आलं. तो म्हणला, मग फोन कामून केलास? म्हणलं, असाच. सम्यकला दोन दात आले. मग मीच ठेवला.

आता मी काय करणार, ते लिहिते. ही डायरी मुक्ताबाईच्या दाराखालून सरकवणार. ती माझ्याशी बोलत नाही, पण अक्षर दिसलं की सोडत नाही. चष्मा लावील, बोट ठेवून वाचील. पहिलं पान वाचून तिला हसू येईल. ऑगस्टच्या वीस तारखेचं पान तिनं वाचू नये असं वाटतंय, पण वाचील. वाचू दे. खोटं नाही लिहिलेलं ते.

नाही तर दुसऱ्या कुणाच्या हातात पडंल. कुणाच्या पण पडू दे.

हे जो कोणी वाचील त्यानं माझ्या भावाला फोन करा. गोकुळ, पैठण. नंबर शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात आहे. त्याला म्हणा, सुलेखा बोलवायली. म्हणा, उद्या सकाळच्या आधी ये, टेम्पो घेऊन ये, लेकराला पांघरूण आण. तो विचारील, सुलेला द्या फोन. मला देऊ नका. मी घेतला तर एकदम मस्त म्हणीन. तुम्हीच बोला.